महाराष्ट्राच्या ६७ खासदारांना खुले पत्र: नागरिकत्व कायद्याचे कलम ३ दुरुस्त करा

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले ४८ आणि राज्यसभेवर गेलेले १९ माननीय सदस्य,

सविनय नमस्कार.

भारतात जन्मलेले मूल भारताचे नागरिक कधी ठरते हे सांगणाऱ्या, नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ३ बद्दल मी आपल्याला लिहीत आहे. या कलमाबाबत याआधी बंद पाकिटातून पाठवलेल्या पत्रांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत, उत्तर मात्र एकाचेही नाही. म्हणून हे पत्र चारचौघांना वाचता येईल असे लिहीत आहे. माझी मुलगी महाराष्ट्रातल्या एका महापालिकेच्या प्रसूतिगृहात जन्मली. ती मराठी माध्यमाच्या शाळेत शिकली, यंदा बारावीला आहे, आणि आजवर तिने देशाची सीमा एकदाही ओलांडलेली नाही. मी जन्माने भारतीय आहे, माझे आईवडीलही भारतीय. तरीही कायद्याच्या दृष्टीने माझी मुलगी भारताची नागरिक नाही, कारण तिचा जन्म झाला त्या दिवशी तिच्या वडिलांच्या व्हिसाची मुदत संपलेली होती.

तिचे वडील विद्यार्थी व्हिसावर रीतसर भारतात आले होते. विशेष विवाह कायद्याखाली आमच्या लग्नाची नोंदणी झाली आणि त्यांनी मुदतवाढीचा अर्जही केला. तो अर्ज प्रलंबित असतानाच मुदत संपली, आणि पुढे काही आठवड्यांनी मुलगी झाली. नंतर ते मायदेशी परतले व काही काळाने आमचा संपर्क तुटला. या सगळ्याचा मुलीच्या नागरिकत्वाशी काही संबंध असेल अशी शंका मला अनेक वर्षे आली नाही, कारण जन्मदाखल्यात व्हिसाचा रकाना नसतो. शाळेच्या दाखल्यावर ‘राष्ट्रीयत्व’ या शब्दापुढे शाळेने स्वच्छ अक्षरात ‘भारतीय’ लिहिले आहे. तिचा पासपोर्ट काढायला गेलो तेव्हा खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यांनी तिच्या वडिलांच्या जुन्या पासपोर्टच्या झेरॉक्स प्रती चाळल्या, व्हिसाच्या शिक्क्यातल्या तारखेवर बोट ठेवले, दुसऱ्या हाताने जन्मदाखला शेजारी ओढला आणि दोन्ही तारखा दोनदा वाचल्या. ते माणूस म्हणून सौजन्याने वागले. पण अर्ज नामंजूर झाला आणि तो कायद्याला धरूनच नामंजूर झाला, म्हणूनच माझी तक्रार त्या खिडकीबद्दल नसून आपल्या सभागृहांनी केलेल्या कायद्याबद्दल आहे.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी २० जानेवारी २०२५ रोजी जन्मसिद्ध नागरिकत्वाला कात्री लावणारा आदेश काढला, तेव्हा एच-१बी व्हिसावर गेलेल्या आपल्या लेकीसुनांच्या बाळांचे काय होणार, या चिंतेने अनेक मराठी घरांची झोप उडाली. अमेरिकेत जन्मलेल्याला नागरिक मानणारी तिथली १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती काय म्हणते आणि चिनी आईवडिलांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क यांना १८९८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिक का मानले, हे आपल्याकडच्या चर्चांमधून लोक हिरिरीने सांगू लागले. त्या आईबापांची काळजी रास्तच आहे. पण एक गोष्ट त्या चर्चांमधून निसटली. अमेरिकेच्या त्या आदेशातदेखील आई अमेरिकी नागरिक असेल तर बाळाच्या नागरिकत्वाला धक्का नाही. वडील कोण आणि त्यांचा व्हिसा कधी संपला, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. आपल्याकडे तो उद्भवतो, आणि गेली दोन दशके उद्भवत आला आहे. वकील असलेल्या माझ्या एका परिचितांनाही हे सांगितल्यावर खरे वाटले नव्हते; त्यांनी कायद्याचे पुस्तक उघडून पाहिले तेव्हा त्यांना पटले.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी कायद्याची वाटचाल थोडक्यात सांगते. १९५५ च्या मूळ कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० पासून भारताच्या भूमीवर जन्मलेले मूल, परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांची मुले वगैरे मोजके अपवाद सोडल्यास, भारताचे नागरिक होते. आईवडील कोण हे पाहिले जात नव्हते. आसाममधल्या परदेशी स्थलांतरितांच्या प्रश्नावर झालेल्या आसाम करारानंतरच्या वातावरणात १९८६ साली दुरुस्ती झाली आणि १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एक जण तरी भारतीय असणे आवश्यक ठरले. २००३ साली संमत झालेली दुरुस्ती ३ डिसेंबर २००४ पासून अमलात आली आणि तेव्हापासून आईवडील दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक असेल तर दुसरा मुलाच्या जन्माच्या वेळी ‘बेकायदेशीर स्थलांतरित’ नसावा, अशी अट आली. वैध कागदपत्रांशिवाय आलेली व्यक्ती बेकायदेशीर स्थलांतरित आहेच, पण वैध व्हिसावर येऊन मुदतीपेक्षा अधिक राहिलेली व्यक्तीही त्याच व्याख्येत बसते. सीमेवरचे कुंपण रात्रीतून ओलांडणारा आणि मुदतवाढीच्या उत्तराची वाट पाहणारा विद्यार्थी, दोघेही कायद्याला सारखेच. २००३ च्या त्या विधेयकाची गाजलेली बाजू होती ती परदेशस्थ भारतीयांसाठी आणलेल्या नव्या दर्जाची. ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वतःहून घेतले त्यांच्यासाठी ज्या विधेयकाने दार उघडले, त्याच विधेयकाने इथे जन्मलेल्या काही मुलांसाठी ते बंद केले, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही आहे की या कलमाने भारतीय आईच्या नागरिकत्वाचे मोल तिच्या नवऱ्याच्या कागदपत्रांवर टांगले आहे. हेच कलम परदेशी पत्नी असलेल्या भारतीय पुरुषालाही लागू आहे आणि त्याच्यावरही तितकाच अन्याय करते, हे मला ठाऊक आहे. पण आईच्या बाबतीत या अन्यायाला एक जुना इतिहास आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशपरंपरेने भारतीय नागरिकत्व मिळते ते कलम ४ खाली, आणि १९९२ पर्यंत ते केवळ वडिलांकडूनच मिळत असे. १० डिसेंबर १९९२ पासून संसदेने तो हक्क आईलाही दिला. आता या दोन कलमांचा एकत्र परिणाम पाहा. मी बाळंतपणासाठी कोणत्याही परक्या देशात गेले असते, वर्षभरात तिथल्या भारतीय वकिलातीत मुलीच्या जन्माची नोंद केली असती आणि तिच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून दिले असते, तर ती आज निर्विवाद भारतीय असती, कारण कलम ४ मध्ये वडिलांच्या व्हिसाची अट नाही. मी माझ्याच देशात, माझ्याच गावच्या दवाखान्यात बाळंत झाले म्हणून ती परकी ठरली. हा परिणाम कायदा करणाऱ्यांच्या मनात असेल असे मला वाटत नाही. परंतु इतकी वर्षे तो तसाच राहू देणे ही आता अनवधानाची गोष्ट उरलेली नाही.

दुसरी तक्रार तारखेची. कायदा फक्त जन्माच्या क्षणी पालकाचा दर्जा काय होता एवढेच विचारतो. व्हिसा त्या दिवशी चालू असेल आणि दुसऱ्या दिवशी संपला तरी मूल नागरिक. आदल्या दिवशी संपला आणि महिन्याभराने मुदतवाढ मिळाली तरी मूल परके. मुलाचे पुढचे सगळे आयुष्य, मग ते कुठे वाढले, कोणी वाढवले, कोणती भाषा बोलते, यांपैकी कशालाही या हिशेबात जागा नाही.

तिसरी तक्रार अशी की, नोंदणीने नागरिकत्व मिळण्याची जी वाट कलम ५ मध्ये आहे ती ‘बेकायदेशीर स्थलांतरित नसलेल्या’ व्यक्तीसाठीच आहे, आणि वडिलांवरचा तो शिक्का मुलावरही आहे असे गृहीत धरून अनेकदा कागद परत येतात. जी व्यक्ती कुठून आलीच नाही ती स्थलांतरित कशी, हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयासमोर २०२४ मध्ये आला होता. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या आईवडिलांच्या, पण भारतात जन्मून भारतातच वाढलेल्या एका मुलीच्या त्या प्रकरणात, तिला बेकायदेशीर स्थलांतरित म्हणता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. कायद्यात जे एका ओळीत स्पष्ट करता येते त्यासाठी प्रत्येक मुलाने उच्च न्यायालयाची पायरी चढावी का? ज्यांना वकिलाची फी परवडत नाही त्यांनी काय करावे?

उरते कलम ५(४). ‘विशेष परिस्थितीत’ कोणत्याही अल्पवयीन मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला आहे. ही वाट आहे म्हणून मी कृतज्ञ आहे आणि तिच्यावरच आमचा अर्ज उभा आहे. पण विशेष परिस्थिती म्हणजे काय, हे कायदा सांगत नाही, आणि किती काळात निर्णय द्यावा याची सक्तीही करत नाही. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातून राज्याकडे आणि राज्याकडून केंद्राकडे जातो. मध्ये कुठे थांबला तर कोणत्या टेबलावर थांबला हे अर्जदाराला कळत नाही. या सगळ्यात मूल मोठे होत जाते. अठरा वर्षे पूर्ण झाली की ते अल्पवयीन राहत नाही आणि ही वाटही बंद होते. ज्या तरतुदीचा लाभ वयाच्या अटीने संपतो, तिच्या निर्णयाला मुदत नसावी, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय, हेही सांगायला हवे. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी आपल्या राज्यात जे प्रमाणपत्र लागते त्याचे नावच ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ आहे. सेतू केंद्रातल्या रांगेत मुलीबरोबर उभी असताना तिने मला विचारले, “आई, यात राष्ट्रीयत्वापुढे मी काय लिहू?” शाळेच्या दाखल्याच्या आधारे ‘भारतीय’ लिहून मोकळे व्हा, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. पासपोर्टचा अर्ज नामंजूर झाल्याचे पत्र घरात असताना सरकारी अर्जावर तसे लिहायला मी तिला सांगितले नाही आणि सांगणारही नाही. आधार कार्ड तिच्याकडे आहे, पण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधारचा कायदाच सांगतो. वडिलांच्या देशाचे नागरिकत्व मागावे म्हणून आम्ही त्या देशाच्या वकिलातीतही गेलो. वडील समक्ष हजर असल्याशिवाय अर्ज घेता येत नाही, असे उत्तर मिळाले. त्यामुळे आज तिला आपली म्हणणारा एकही देश कागदावर नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या विदेशी नागरिक कायद्याच्या जागी नवा कायदा लागू झाला. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी जुन्या कायद्याप्रमाणे नव्यातही त्या व्यक्तीवरच आहे. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीने हे ओझे घेऊन बसावे, असा कोणता गुन्हा तिने केला आहे?

आणि माझी मुलगी या रांगेत एकटी नाही. तिच्यामागे निदान आई भारतीय असल्याचा आधार आहे. तमिळनाडूतल्या छावण्यांत श्रीलंकेहून आलेल्या तमिळ निर्वासितांची दुसरी आणि तिसरी पिढी जन्मली आहे. तिथे एकाच आईच्या दोन मुलांपैकी जून १९८७ मध्ये जन्मलेले मूल कायद्याने भारतीय आणि नंतर जन्मलेले परके, अशी स्थिती असू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या सातव्या अनुच्छेदाने प्रत्येक बालकाचा नागरिकत्व मिळवण्याचा हक्क मान्य केला आहे, विशेषतः एरवी ते देशहीन राहणार असेल तेव्हा. भारत या संहितेत ११ डिसेंबर १९९२ रोजी सामील झाला, म्हणजे आईला वंशपरंपरेचा हक्क मिळाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मात्र देशहीनता कमी करण्याच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत आजही नाही, आणि इथे जन्मलेले मूल कोणत्याच देशाचे नसेल तर त्याचे काय करायचे, याचे उत्तर आपल्या कायद्यात नाही.

घुसखोरीचा प्रश्न खरा आहे आणि सीमा राखणे हे सरकारचे कर्तव्य आहे, हे मला मान्य आहे. जन्माने सरसकट नागरिकत्व देण्याला असलेला विरोधही आजचा नाही. संविधान सभेत ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या अनुच्छेदांवर चर्चा झाली तेव्हा आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी, केवळ इथे जन्मल्याने नागरिकत्व मिळू लागले तर भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त ठरेल, असा आक्षेप घेतला होता. त्याआधी, एप्रिल १९४७ मध्ये, सरदार पटेलांनी याच विषयावर वेगळी बाजू मांडली होती: आपण नागरिकत्वाची कोणती व्याख्या करतो याकडे जगाचे लक्ष आहे, आणि नागरिकत्व मिळावे म्हणून बाळंतपणाला भारतात येणारे परदेशी असे किती असणार? संविधान सभेने आणि पुढे १९५५ च्या संसदेने पटेलांच्या बाजूने कौल दिला. पंजाबरावांच्या आक्षेपाचा मला आदरच वाटतो, पण तो आक्षेप वाटसरूंच्या मुलांविषयी होता. ज्या मुलाची आई भारतीय आहे आणि जे इथेच लहानाचे मोठे झाले, त्याला नागरिक मानल्याने नागरिकत्व स्वस्त कसे होते? मुदत संपल्यावर राहिलेल्या पालकासाठी कायद्यात शिक्षा आहे, देशाबाहेर पाठवण्याची तरतूद आहे. ती जरूर वापरावी. मुलाचे नागरिकत्व काढून घेतल्याने सीमेवरचा एकही माणूस थांबत नाही.

आपल्याआधी ज्या देशांनी जन्मसिद्ध नागरिकत्व आखडते घेतले, त्यांतल्या दोघांनी तरी एक खिडकी उघडी ठेवली. ब्रिटनने १ जानेवारी १९८३ पासून ते थांबवले, पण तिथे जन्मून पहिली दहा वर्षे तिथेच वाढलेल्या मुलाला नोंदणीचा हक्क दिला. आईवडिलांचा दर्जा काहीही असो. ऑस्ट्रेलियाने २० ऑगस्ट १९८६ पासून नियम बदलला, तरी तिथेच जन्मून वाढलेले मूल दहाव्या वाढदिवशी आपोआप नागरिक होते. हे दोन्ही देश स्थलांतराबाबत ढिले म्हणून ओळखले जात नाहीत. आणि आपल्या संसदेला ‘बेकायदेशीर स्थलांतरित’ या व्याख्येत बदल करणे अवघड आहे असेही नाही, कारण २०१९ च्या दुरुस्तीने तीन शेजारी देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी तो बदल केलेलाच आहे. त्या दुरुस्तीबद्दल कोणाचे मत काहीही असो, व्याख्या बदलता येते एवढे तिने सिद्ध केले.

माझ्या मागण्या साध्या आहेत. भारतात जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी एक जण भारतीय असेल तर दुसऱ्याच्या व्हिसाचा विचार न करता ते मूल जन्मतः नागरिक ठरावे, यासाठी कलम ३ मधील २००३ ची अट काढून टाकावी, आणि ती दुरुस्ती ३ डिसेंबर २००४ पासून लागू करावी, म्हणजे दरम्यान जन्मलेली मुले वाऱ्यावर राहणार नाहीत. भारतात जन्मलेली व्यक्ती तेवढ्यापुरती बेकायदेशीर स्थलांतरित मानली जाणार नाही, असे व्याख्येतच स्पष्ट लिहावे. भारतात जन्मून सलग दहा वर्षे इथे राहिलेल्या, आणि दुसऱ्या कोणत्याही देशाचे नागरिकत्व नसलेल्या मुलाला नोंदणीचा हक्क असावा. तो कोणाच्या मर्जीचा विषय नसावा. कायदा बदलायला वेळ लागेल हे मी जाणते, म्हणून तोवर कलम ५(४) खालच्या अर्जांना सहा महिन्यांची मुदत घालावी, नकार दिल्यास कारणे लेखी द्यावीत, आणि अर्ज करताना मूल अल्पवयीन असेल तर निर्णय होईपर्यंत ते अठरा वर्षांचे झाले तरी अर्ज बाद होऊ नये. या शेवटच्या गोष्टीसाठी संसदेची गरजही नाही, नियमांतल्या दुरुस्तीने किंवा एका परिपत्रकाने ती होऊ शकते.

आपल्यापैकी कोणीही एकाने येत्या अधिवेशनात एक अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न विचारावा: ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या आणि एक पालक भारतीय असलेल्या किती मुलांचे अर्ज कलम ५(४) खाली आले, किती मंजूर झाले, किती प्रलंबित आहेत आणि सर्वांत जुना अर्ज कधीचा आहे? त्याचे लेखी उत्तर पटलावर आले की या विषयावर खासगी सदस्य विधेयक मांडायचे की सरकारकडे आग्रह धरायचा, हे आपण ठरवावे. आपण ६७ जण निरनिराळ्या पक्षांचे आहात आणि बऱ्याच गोष्टींवर आपले एकमत होणार नाही, तेही समजते. इथे कोणत्याही पक्षाला आपली भूमिका सोडावी लागत नाही.

माझी मुलगी काही महिन्यांत अठरा वर्षांची होईल. अर्जाच्या पोचपावतीची प्रत व सर्व कागदपत्रे मी आपल्यापैकी जो कोणी मागेल त्यांच्या कार्यालयात स्वतः आणून देईन. उत्तर नकारार्थी असले तरी ते लेखी मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
महाराष्ट्रातील एक मतदार